तापल्या चाकांवर पाणी

ये गं, अशी पुढं ये जरा. उंबऱ्यावर पाव्हणीसारखी काय थांबतेस? कागदावर लिहितेय खरं, पण तू समोर बसलीस असं धरूनच लिहितेय, म्हणून म्हटलं. आणि बसलीच आहेस तर दोन शब्द ऐकूनही घे. परवा करमाळ्याच्या लग्नात भेटलीस, वाकून पाया पडलीस, "आत्या, बरी आहेस ना?" म्हणालीस आणि माझं तोंड उघडायच्या आत आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. असं विचारतात होय? उत्तर नको असेल तर माणसानं विचारूच नये. मी आपली गुडघे कसे आहेत, साखर किती आहे, सगळं सांगायच्या तयारीत, आणि समोर कुणी नाही.

पण निघताना एक बोललीस, ते मात्र माझ्या पोटात बसलंय. मी म्हटलं, सोलापूरला ये की एकदा. तर तू म्हणालीस, "तुझ्या घरी कशी येऊ आत्या? आमच्यातलं कुणीच येत नाही. आजोबांचं आणि तुमच्याकडच्यांचं गाडीवरून काहीतरी झालं होतं ना?"

काहीतरी! म्हणजे तुझ्या बापानं तुला एवढंच सांगितलंय. त्यालाही दोष देत नाही मी. तो तेव्हा शाळेत होता, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं धरलं. मी होते त्या घरात. म्हणून मीच सांगते. आणि आधीच सांगते, भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं तरी असतं.

तुझे आजोबा, म्हणजे माझे अण्णा, करमाळ्याच्या बाजारात अडत्या होते. ज्वारीची, तुरीची पोती यायची, लिलाव व्हायचा, दिवसभर धूळ आणि ओरडाओरड. त्या सगळ्यातून त्यांनी एक मोटार घेतली होती. काळी. पाठीकडून बघितली तर बैलाच्या वशिंडासारखी गोल. अण्णा तिला रोज सकाळी स्वतः पुसायचे. आईनं एकदा विचारलं, "माझ्याकडं कधी इतकं लक्ष दिलं होतं का?" तर म्हणाले, "तू न पुसता चमकतेस की." असे होते ते. गावात त्यांची गाडी कधी वाटेत बंद पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कुणाची बाळंतीण न्यायची असली, कुणाला जीपची वाट बघायला वेळ नसला, की अण्णांची गाडी.

माझं लग्न ठरलं तेव्हा सत्तर साल नुकतंच लागलं होतं. सोलापूरचं स्थळ, नवी पेठेत कापडाचं दुकान, वळसंगला शेती. मध्यस्थानं अण्णांच्या कानात सांगितलं, जावयाला काहीतरी चाकाचं द्या, स्कूटर तरी. त्या दिवसांत स्कूटरला नंबर लावला तर नंबर लावणाऱ्याला नातू व्हायचा. अण्णांनी एक दिवस विचार केला आणि स्वतःची गाडीच देऊन टाकली. आईनं विचारलं, तुम्ही काय करणार? म्हणाले, "एसटी काय मेली नाही. पोरगी उन्हातान्हात चालायला नको." लग्नाआधी आमचे हे, तुझे काका, येऊन गाडी चालवून बघून गेले होते. करमाळ्याबाहेर लांब फिरवून आणली आणि उतरताना म्हणाले, "मामा, लोण्यासारखी चालतेय." हे वाक्य मी दाराआडून स्वतः ऐकलंय. लक्षात ठेव.

सासरी घरात सगळं बोलणं कानडी. सासूबाई अक्कलकोटकडच्या. आम्ही सगळी त्यांना अव्वा म्हणायचो. मराठी यायचं त्यांना, पण ते बाहेरच्यांशी बोलायला. आणि बरीच वर्षं मी बाहेरचीच होते.

आपल्याकडं गावाहून माणूस आलं की भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं, हे तू बघितलंयस. लग्न लागून करमाळ्याहून आम्ही त्या गाडीतून दारात उतरलो, तेव्हा अव्वांनी आमच्या दोघांच्या पायांवर पाणी घातलं. आणि मग कळशी घेऊन गाडीकडं गेल्या. "बा, बा, नन्न तायी," म्हणाल्या. म्हणजे ये, ये, माझे आई. आणि चारी चाकांवर पाणी घातलं. पुढच्या उजव्या चाकापासून सुरुवात, प्रदक्षिणेसारखं. चाकातून चर्र आवाज आला, वाफ निघाली, बायका हसल्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, माझ्या बापाच्या गाडीलासुद्धा या घरात पाय आहेत.

मग तो नेमच पडला. गाडी गावाच्या वेशीबाहेर जाऊन आली, की दारात थांबायची आणि अव्वा बाहेर यायच्या. मी कळशी भरून द्यायची, त्यांनी घालायची. तो मान त्यांचा, तो त्यांनी कुणाला दिला नाही. वळसंगला दर आठवड्याला फेरी असायची. तो रस्ता म्हणजे बैलगाड्या, शेरडं, सायकली, पावलापावलाला ब्रेक. वर सोलापूरचं ऊन. गाडी दारात यायची तेव्हा चाकाजवळ हात धरवत नसे, इतकी धग. त्यावर विहिरीचं गार पाणी.

लग्नाला काही महिने झाले असतील, आणि गाडी थरथरायला लागली. एरवी नाही हं. सरळ चालायची, काही नाही. ब्रेकवर पाय पडला की झालं. आधी ह्यांच्या हातातलं स्टिअरिंगचं चाक थरथरायचं, मग सगळी गाडीच हिव भरल्यासारखी. माझ्या हातातल्या बांगड्या आपोआप किणकिण वाजायच्या. पेठेत चौकात थांबायची वेळ आली की लोक वळून बघायचे.

घरात बोलणं सुरू झालं. कानडीत. मला त्या भाषेतलं "या" आणि "जेवलात का" एवढंच येत होतं. पण कान काम करतच असतात. एक दिवस मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि अव्वा शेजारणीशी बोलत होत्या. मध्येच मला एक अख्खं वाक्य समजलं. पहिलंच. "हळे गाडी कोट्टान." जुनी गाडी दिली त्यानं. तेही एकेरीत. जी भाषा मी आयुष्यभर बोलणार होते, तिच्यातलं मला समजलेलं पहिलं वाक्य माझ्या बापाबद्दलचं होतं. भाकरी करपली त्या दिवशी. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

पंचमी आली. लेकीला माहेरी न्यायला अण्णा स्वतः आले. हे त्यांना एसटी स्टँडवरून गाडीतून घेऊन आले. माझी पिशवी सकाळपासून भरून सोप्यात ठेवलेली. गाडी दारात थांबली, थांबताना थरथरली, आणि अण्णा उतरायचे सोडून तसेच बसून राहिले.

"जावईबापू, हे काय? कधीपासून होतंय असं?"

"झाले थोडे दिवस," हे म्हणाले.

अव्वा दारात होत्याच. "जुनी झाली की हो व्याही. म्हातारं माणूस थरथरतंय, तशी गाडी थरथरतीय."

अण्णा हसले. त्यांना अजून तो चेष्टेचाच विषय वाटत होता. "म्हातारी न्हाय हो विहीणबाई. माझ्याकडं होती तवर टपावर बसलेलं पाखरू उडायचं न्हाय, अशी थांबायची."

"व्हय? तिथं शहाणी होती आणि हितं आल्यावर येडी झाली? मग आमच्या दाराचाच दोष म्हणायचा."

शेजारच्या दोन बायका कट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या. अण्णांचं हसू गेलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून रस्त्यावर अंथरलं आणि पांढऱ्या धोतरानिशी गाडीखाली आडवे झाले. माझा बाप, जावयाच्या दारात, रस्त्यावर, पाठीवर. खालून काही दिसणार नव्हतं. चाकाच्या आत लोखंडाचा एक डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात, ब्रेक त्याच्या पोटात. तो बाहेरून बंद असतो. हे मला पुढं कळलं. ते उठले तेव्हा धोतराला वंगण, केसात धूळ.

अव्वा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो व्याही. वस्तू तपासायची ती देण्याआधी तपासायची असती."

अण्णा ह्यांच्याकडं वळले. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुम्ही चालवून बघितली होती की. तुम्ही सांगा."

आणि तुझे काका हातातल्या किल्लीकडं बघत म्हणाले, "तेव्हा एवढं काही बघितलं नव्हतं मी, मामा."

लोण्यासारखी चालतेय म्हणणारा माणूस तो हाच.

अण्णांनी उपरणं झटकलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांनी तो नुसता हातात घेतला, हात धुतले आणि परत दिला. माझ्या पिशवीकडं त्यांची नजर गेली. म्हणाले, "पुढच्या खेपेला नेईन हं बाळ." आणि पायी स्टँडकडं गेले. पाठीवर धुळीचा डाग तसाच होता, कुणी सांगितलं नाही त्यांना. मीही नाही. काय सांगणार होते, झटकून घ्या म्हणून? या दारात मी त्यांना बघितलं ते शेवटचं, तेही पाठमोरं.

नंतर ह्यांनी गाडी गॅरेजला नेली. अक्कलकोट रस्त्याच्या तोंडाशी एक मिस्त्री होता. परत आली तेव्हा ठणठणीत. मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाले, "ड्रम वाकडे झाले होते. लेथवर खरडून सारखे करून घेतले. जुनी गाडी आहे, असं व्हायचंच." मी म्हटलं, बरं झालं, सुटलो. कुठलं काय! थोड्याच आठवड्यांत बांगड्या परत वाजायला लागल्या. परत गॅरेज, परत ठीक, परत थरथर. आणि प्रत्येक वेळी घरात माझ्या बापाच्या नावानं एक नवं वाक्य. अव्वांची जीभ अशी, की ओरडून कधी बोलणार नाहीत. देवापुढं वात करता करता म्हणतील, "आमच्या धाकट्या जावेनं सून आणली, तिच्या बापानं एक बैलजोडी दिली. अजून चालतीय." बस्स, एवढंच. आणि वात पुरी करायच्या.

मग तो पाऊस हुकलेला उन्हाळा आला. तू ऐकलं असशील मोठ्या माणसांकडून, काय दिवस होते ते. विहीर तळाला गेली, टँकरपुढं भांडणं. प्यायला पाणी नाही तिथं चाकांना कुठलं? अव्वा वाटीभर पाण्यात बोटं बुडवून चाकाकडं शिंपडायच्या, झालं स्वागत. आणि त्या सगळ्या उन्हाळ्यात, गॅरेजमधून एकदा नीट होऊन आलेली गाडी नीटच राहिली. वळसंगच्या फेऱ्या होत्या, ऊन तर विचारू नको, पण गाडी गप्प. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. माणूस डोक्यावर घागर घेऊन टँकरमागं पळत असतं तेव्हा गाडीच्या तब्येतीकडं कोण बघतं?

पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली. अव्वांनी हौसेनं भरली कळशी मागितली. पहिल्याच दिवशी चाकांवर पाणी पडलं आणि चर्र झालं. मी तिथंच उभी होते, दुसरी कळशी कमरेवर. आणि मला माझा तवा आठवला.

आता तू हसशील. पण अगं, माझ्या नणंदेनं एकदा घाईत भाकरीचा तापलेला तवा तसाच चुलीवरून उचलून पाण्याच्या बादलीत बुडवला होता. तेव्हा असाच आवाज, अशीच वाफ. त्या दिवसापासून तो तवा चुलीवर नीट बसेना. बोट लावलं की डुगडुगायचा, एका अंगाला भाकरी कच्ची राहायची. बघायला गोलच, पण मध्ये पीळ पडलेला. तो तवा अव्वांनीच बाजूला काढून ठेवला होता, "तापल्या लोखंडाला पाणी लावत्यात व्हय?" म्हणून नणंदेला बोलल्याही होत्या. आणि त्याच अव्वा माझ्यासमोर चारी चाकांना पाणी लावत होत्या, "बा, तायी" म्हणत.

बोलायचा धीर झाला नाही. मोटारीतलं मला काय कळतंय, असं वाटलं. पण डोळे उघडे ठेवले. श्रावण संपता संपता आम्ही दोघं वळसंगहून येत होतो. माझ्या मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा. वाटेत एक म्हैस आडवी आली, ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी अशी हादरली की डबा उडून झाकण एकीकडं, पीठ दुसरीकडं. मी पांढरी, हे पांढरे. हसू यायला पाहिजे होतं, पण दोघांनाही आलं नाही. हे म्हणाले, "गॅरेजवरूनच जाऊ."

मिस्त्री तोंडात पान घेऊन बाजेवर बसला होता. गाडी बघूनच त्यानं कपाळाला हात लावला.

"फिर आए साहब? अरे, कितने बार खरडूं मैं ये ड्रम? हर बार थोडा लोखंड जाता. अब खरडने को बचा क्या? कागद हो गया उसका."

हे म्हणाले, "बघा की जरा. जुनी गाडी आहे."

"जुनी को काय झालंय? गाडी एक नंबर है. इंजन देखो, गेअर देखो." मग तो माझ्याकडं वळला. डोक्यावर पीठ घेतलेली बाई बघून त्याला माझी दया आली असावी. "भाभी, तुम तो समझाओ घर में. पहिलेच टाइम को बोल्या था मैं साहब को, गरम चाक पे पानी मत डालो. ड्रम लाल गरम, उपर से थंडा पानी, वाकडा नहीं होगा तो क्या होगा? साहब बोले हौ हौ. और घर जाके फिर पानी."

पहिल्याच वेळेला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे टायरकडं बघत होते. टायरला काय झालं नव्हतं.

गाडी तिथंच ठेवून आम्ही चालत निघालो. मी रस्त्यात बोलणारी बाई नव्हते तेव्हा, पण त्या दिवशी बोलले.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"तो काहीही बोलतो."

"मग ड्रम सरळ केल्यावर पाणी बंद का नाही केलं?"

"अव्वाला कसं सांगायचं? तिच्या श्रद्धेचं आहे ते. तिला वाटेल, आपणच गाडी बिघडवली. या वयात कशाला तिच्या जिवाला लावायचं?"

"आणि माझ्या अण्णांच्या जिवाला?"

यावर तुझे काका काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "ते काय, लांब असतात."

वाईट माणूस नाही गं तो. हे मी तुला आज लिहितेय, इतकं सगळं झाल्यावर. मारलं नाही, दारू प्याला नाही, दुकानात कुणाचं खोटं माप केलं नाही. पण घरात आवाज चढू नये म्हणून त्यानं दुसऱ्याच्या बापाला खुशाल खाली मान घालू दिली. लांब असलेला माणूस ओरडला तर ऐकू येत नाही, म्हणून.

मी सात-आठ दिवस वाट बघितली, हे बोलतील म्हणून. मग मीच बोलले. अव्वा शेंगा निवडत होत्या, मी शेजारी बसले. माझ्या मोडक्या कानडीत सांगायला लागले आणि मग मराठीवर आले. तव्याचं सांगितलं, उन्हाळ्याचं सांगितलं, मिस्त्री काय म्हणाला ते सांगितलं. हात जोडून सांगितलं, अव्वा, चुकून झालंय, दोष कुणाचाच नाही, पण अण्णांची गाडी चांगली होती.

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे घरात आलेल्या लक्ष्मीला मी पाणी घातलं, म्हणून ती लंगडी झाली?"

"तसं नाही अव्वा..."

"न्हाय, तसंच की. मीच केलं म्हण." आणि पदर तोंडाला. मोठ्यानं नाही, पण शेजारणीला ऐकू जाईल इतपत. नणंद धावत आली, सासरे बाहेरून आले. हे दुकानातून जेवायला आले होते, ते उंबऱ्यातच थांबले. सासऱ्यांनी ह्यांना सरळ विचारलं, "मिस्त्री असं बोलला का रे?"

सगळी त्यांच्याकडं बघत होती. मीही. मला अजून आठवतं, माझ्या मांडीवर एक फुटकी शेंग होती आणि मी ती मुठीत धरली होती. एक 'हो' म्हणायचं होतं. त्यात अव्वांची चूकसुद्धा नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे म्हणाले, "मिस्त्री काय, पानाच्या तारेत काहीही बोलतो. हिनं मनावर घेतलं."

आणि पाटावर बसले. मी वाढलं. वाढायला मीच होते.

पुढं मी बोलायचं सोडलं आणि कळशी धरली. गाडी आली की कळशी रिकामीच असायची. "आणते हं अव्वा," म्हणायचे आणि विहिरीवर उशीर लावायचे. दोर गुंतला, पोहरा निसटला, शेजारीण बोलत बसली. पाणी येईपर्यंत चाकं गार. अव्वा त्या गार चाकांवर मनोभावे पाणी घालायच्या, आता चर्र होत नाही हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. मिस्त्रीनं कुठून तरी दुसरे ड्रम मिळवून बसवले होते, ते शेवटपर्यंत वाकडे झाले नाहीत. गाडी पुन्हा अण्णांच्या वेळेसारखी झाली. आणि दिवाळीत आलेल्यागेलेल्यांना अव्वा सांगायला लागल्या, "व्याह्यांचं येणं थांबलं बघा, आणि गाडी सुधारली."

कळशी माझ्या हातात होती तेव्हा. ती खाली ठेवून मी आत गेले. गाडी नीट केली मी, आणि त्याची साक्ष गेली माझ्याच बापाविरुद्ध.

तुझ्या आईबापाच्या लग्नाला मी करमाळ्याला आले होते. अण्णा मला एकटीला घेऊन कमलाभवानीच्या देवळात गेले. इतकी वर्षं धीर झाला नव्हता, पण तिथं ओवरीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मध्येच म्हणाले, "मग नवे ड्रम कुठले टाकले?" गाडीवाला माणूस, त्याला आधी तेच आठवलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं, गाडी चांगली होती. तू सांगून मला काही नवीन कळलं नाही. जावईबापूंनी एकदा म्हणावं. चारचौघांत नको, माझ्याजवळ म्हणावं, मामा, गाडी चांगली होती. त्या दिवशी मी तुझ्या घरी येऊन जेवतो."

एवढंच पाहिजे होतं त्यांना. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू. पुढच्या वर्षी देवीला नवस फेडायचं निमित्त काढून मी ह्यांना करमाळ्याला नेलं. अण्णांनी आग्रहानं पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, समोर बसून राहिले. हे पावसाबद्दल बोलले. कापसाच्या भावाबद्दल बोलले. अण्णा "व्हय, व्हय" करत होते आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आम्ही उठून निघालो तरी बघत होते.

असं किती वेळा बघितलं असेल त्यांनी! आणि मग एकदा अण्णा गेल्याची तार आली. मातीला मात्र हे आले. सगळ्यांच्या पुढं उभे होते.

अव्वाही गेल्या. गाडी त्याआधीच विकली होती. घेणाऱ्यानं चालवून बघितली आणि खूश होऊन म्हणाला, काय ठेवलीय गाडी! हे हसले आणि म्हणाले, "सासऱ्यांची आहे, चांगल्या हातातली." त्या परक्या माणसाला म्हणाले! मी स्वयंपाकघरात होते. चहा गाळत होते. गाळणी तशीच हातात धरून उभी राहिले. तेव्हा अण्णांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

परवा करमाळ्याच्या त्या लग्नाहून परत आले आणि तू बोललीस ते डोक्यात फिरत होतं. हे आरामखुर्चीत बसले होते. मी जवळ गेले, कानाशी वाकून विचारलं, "अहो, माझ्या अण्णांची गाडी चांगली होती का?"

माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "कुठली गाडी?"

आता हे खरंच विसरलेत की विसरल्यासारखं करतात, ते मला कळत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे एक ओळखायला मी शिकले नाही. पण एवढं कळलं, की अण्णा ज्या वाक्याची वाट बघत गेले, ते आता या घरातून येणार नाही. त्याच्यावर अडून बसायचं म्हणजे तुझ्या बापानं बसायचं, तू बसायचं, उद्या तुझ्या लेकरांनी बसायचं. कशासाठी? इथं आता बोलणारं कुणी उरलं नाही, आणि टोमणा मारणारंही कुणी नाही. मी आहे. या घरात आपल्या माहेरची मी एकटी, तेव्हाही होते आणि आजही आहे.

तुझ्या बापाला हे वाचून दाखव, नको दाखवू, तुझी मर्जी. तू मात्र ये. रविवारची सकाळची एसटी धर, स्टँडवरून रिक्षावाल्याला नवी पेठेच्या मागची गल्ली म्हण, कुणीही आणून सोडेल. पोहोचलीस की सरळ आत ये, कुणाला विचारत बसू नको. जेवायला थांबायचं, हे आधीच सांगून ठेवते. आणि लवकर ये गं पोरी, दिवाळीवर ढकलू नकोस.